उलटं शिवलेलं पोतं

बाजार समितीच्या फाटकात बसवलेल्या यंत्राचं सरकारी नाव फार लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक त्याला 'पारखी' म्हणायचे. पोत्यात नळी खुपसायची, दहा आकडे मोजायचे. हिरवा दिवा लागला तर माल आत, तांबडा लागला तर पोत्यावर तळहाताएवढा तांबडा शिक्का आणि माल माघारी. पारखीला चहा पाजता येत नव्हता. तिचा मेहुणा पंचायतीत नव्हता. म्हणून बोरखडीच्या लोकांचा तिच्यावर विश्वास होता आणि रागही होता.

पारखी काही जादू करत नसे. दाण्यावर ती क्ष-किरण सोडायची. दाण्यात जे धातू असतील ते डिवचले जायचे आणि ज्याची त्याची ठरलेली किरणं परत फेकायचे. तांबं आपली ओळख सांगायचं, जस्त आपली, कॅडमियम आपली. नळीतला डोळा ती ओळखी वाचायचा. एवढंच.

हे धातू ज्वारीत शिरले कसे, ती गोष्ट वीस वर्षांमागची. तेव्हा बोरखडीच्या माळावर कोंबड्यांच्या शेड उभ्या राहिल्या. कोंबडी लवकर वाढावी, आजारी पडू नये म्हणून खाद्यात तांब्याचे आणि जस्ताचे क्षार घालत. कोंबडीला लागतं चिमूटभर, घालायचे ओंजळभर. अंगी लागायचं तेवढं लागायचं, उरलेलं सगळं विष्ठेत. स्वस्तातल्या जस्ताबरोबर कॅडमियमही यायचं, लग्नाच्या वऱ्हाडात बिनबोलावलेला पाहुणा यावा तसं. ते कोंबडखत शेतात पडून मातीत गेलं की त्यातली विष्ठा, भुसा, पिसं कुजायची. धातू मात्र कुजत नाही, वाळत नाही, वाऱ्यावर उडत नाही. वर्षाला थोडा थोडा असा तो साठत गेला.

विलास थोरबोलेच्या सहा एकरांत असं अठरा वर्षं साठलं. पहिली सात-आठ वर्षं ज्वारी अशी आली की बघणाऱ्याची मान दुखावी. मग पानं पिवळी पडू लागली. मुळं आखूड, कणसं अर्धी रिकामी. आणि पारखी आली तेव्हापासून सलग तीन वर्षं तांबडा दिवा.

यातलं काहीही मायाक्का लवटेला माहीत नव्हतं. ती मेंढरं राखणारी बाई. बाजार समितीच्या फाटकात तिचं काय काम?

*

मायाक्काचं खांड एकशे ऐंशी मेंढरांचं आणि वीस शेळ्यांचं. दर वर्षी श्रावण सरता सरता ते विलासच्या रानात बसायचं. बसायचं म्हणजे दिवसभर चरून आलेली मेंढरं वाघरीच्या जाळीत, मोकळ्या रानात कोंडायची. त्यांच्या लेंड्या आणि मूत मातीत मुरतं आणि रब्बीची ज्वारी तरारून येते. त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. तिच्या सासऱ्यानं विलासच्या बापाच्या रानात मेंढरं बसवली होती, तेव्हापासूनचा हा रिवाज.

विलासशी तिचं नातं त्याहून पुढचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी ती नवी नवरी म्हणून बिऱ्हाडाबरोबर पहिल्यांदा या रानात आली आणि तापानं फणफणली. विलासनं बैलगाडी जुंपून तिला तालुक्याला नेलं होतं. परतताना म्हणाला होता, "तुला भाऊ न्हाई म्हणतेस, तर हितं एक हाय म्हण." तिनं ते मनावर घेतलं. दर वर्षी तो तिला चोळीचा खण द्यायचा, आणि रब्बीच्या पेरणीला तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यावर, बियाणाची पहिली मूठ तिला धरायला लावायचा. पंचक्रोशीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मायाक्काला माहेर नव्हतं, पण माहेरच्या गोष्टी सांगायला ती कुणाला हार जायची नाही.

त्या वर्षी खांड आलं तेव्हा रानात गुडघ्याच्या वर हिरवीगार मोहरी उभी होती. पानं जाड, तुकतुकीत.

"दादा, मोहरी कवापास्नं करायला लागलास?"

"हिरवळीचं खत म्हणून लावली," विलास म्हणाला. "पर गाडायचा आता कंटाळा आलाय. तुझी मेंढरं चारीव की. बारा दिवस ऱ्हा, सगळी फस्त होऊ दे. दिवसा हितंच चरीव, रातीला हितंच बसीव. कुठं हिंडत बसतीस?"

अशी दिलदारी कुणी सहसा करत नाही. हिरवा चारा आणि तोही बसल्या जागी. मायाक्काचा मुलगा अंकुश तर खूशच झाला. बांधावर दोन लाकडी खांब रोवलेले होते, मधे काहीच नव्हतं. मायाक्कानं त्यावर दोरी बांधून ओली घोंगडी वाळत टाकली.

निघायच्या दिवशी नलूवहिनीनं खण-नारळानं ओटी भरली. विलासनं ज्वारीची दोन पोती बिऱ्हाडाच्या घोड्यावर लादली. मायाक्कानं हात फिरवून पाहिलं तर शिवणीचे धागे सगळे बाहेर.

"दादा, आवंदा बी पोतं उलटंच शिवलंय की रं. वहिनीचं ध्यान कुठं असतंय?"

"तुझ्या वहिनीला सुलटं काय येतंय?" विलास हसून म्हणाला. वहिनी मात्र हसली नाही. ती आत निघून गेली. मायाक्काला वाटलं, माणसांदेखत थट्टा केलेली तिला लागली असेल.

*

चौथ्या मुक्कामाला पहिली मेंढी पडली. सकाळी चांगली चालत होती, ओढा चढताना बसली ती उठलीच नाही. डोळे हळदीसारखे पिवळे. मुतली ते कातासारखं लालकाळं. दुपारपर्यंत तीन झाल्या. दुसऱ्या दिवशी अकरा.

मायाक्कानं चाळीस वर्षांत मेंढरांचा देवीचा रोग पाहिला होता, खुरी पाहिली होती, विजा पडून मेलेली मेंढरं पाहिली होती. हे असलं कधी पाहिलं नव्हतं. धडधाकट जनावर चालता चालता पिवळं होऊन मरतं, याला काय म्हणायचं? आणि शेळ्यांना काहीच नाही. वीसच्या वीस शेळ्या बाभळीवर पाय टेकून शेंगा ओरबाडत होत्या.

माणसाचं मन अशा वेळी आधी स्वतःलाच पकडतं. मायाक्कानं यंदा जंताचं औषध बदललं होतं. नेहमीचं मिळालं नाही म्हणून दुकानदारानं दुसरं दिलं आणि तिनं ते पाजलं. तिनं विलासला फोन लावला. रडायला माणूस लागतं, आणि तिला रडायला तो एकच भाऊ होता.

विलासनं पलीकडं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "किती गेली?"

"चौदा. दादा, म्या औषध बदललं रं. म्याच मारली."

तो म्हणाला, "व्हय, औषधच भोवलं आसंल. आता काय करणार? नशीब. जिवाला लावून घिऊ नगंस."

त्या शब्दांनी तिला धीर आला. हे पुढं तिला आठवलं की तिचा जीव लाजेनं आणि संतापानं गोळा होई.

*

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी तिसऱ्या दिवशी आली. डॉक्टर रेहाना मुजावर तिशीतली, बोलायला कमी, हाताला पटापट. तिनं नुकत्याच मेलेल्या मेंढीचं पोट उघडलं. यकृत पिवळंधमक. मूत्रपिंडं निळसर काळी, बंदुकीच्या नळीच्या रंगाची. तिनं पिशवीतून हातात धरायची छोटी पारखी काढली आणि यकृतावर टेकवली. आकडा पाहून तिनं ती पुसली आणि पुन्हा टेकवली.

"मावशी, औषधाचा काही दोष नाही. हे तांबं आहे."

"तांबं? मेंढरं काय भांडी खात्यात व्हय?"

रेहाना हसली नाही. तिथंच चिखलात उकिडवी बसून तिनं सांगितलं. गाय, शेळी, कोंबडी यांच्या पोटात जास्तीचं तांबं गेलं तर यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. मेंढीच्या यकृताला ते नीट जमत नाही. ती मुळात तांबं कमी असलेल्या माळांवर वाढलेली जात, म्हणून मिळेल तेवढं साठवून ठेवते. कंजूष माणूस हंडा पुरून ठेवतो तसं. जनावर वरून ठणठणीत दिसतं. मग लांबची चाल, भिजणं, असा कसला ताण आला की यकृत फुटतं आणि सगळं तांबं एकदम रक्तात उतरतं. रक्ताच्या पेशी फुटतात. म्हणून डोळे पिवळे, मूत लाल.

"एवढं तांबं साध्या चाऱ्यात नसतं. गेल्या महिन्यात कुठं चरली?"

"गवतात, वड्याकाठी..." मायाक्का थांबली. "आन् मोहरीत."

"कसली मोहरी? जाड पानाची, तुकतुकीत?"

मायाक्कानं मान हलवली. रेहानानं डोळे मिटून घेतले.

ती धातुमोहरी होती. तिची मुळं मातीत आम्लं सोडतात, मातीला चिकटून बसलेले धातू सुटे करतात आणि पानांत ओढून घेतात. पाच-सहा हंगाम लावली की तांबड्या दिव्याचं रान हिरव्यावर येतं. बियाणं सरकार फुकट देतं, फक्त एका कागदावर सही घेतं: कापलेलं पीक ताडपत्रीत बांधून भट्टीला द्यायचं, जनावराला घालायचं नाही, आणि बांधावर 'हा चारा नव्हे' अशी पाटी लावायची.

"पाटी नव्हती?" रेहानानं विचारलं.

मायाक्काला ते दोन खांब आठवले आणि त्यावर वाळत घातलेली आपली घोंगडी.

"कुणाचं रान, मावशी? गट नंबर लागेल. अर्जात तो रकाना भरला तर भरपाई मिळेल आणि त्या रानावर दहा वर्षं बंदी येईल. धान्य पेरता येणार नाही. नाही भरला तर 'कारण अज्ञात'."

"इचारून सांगते," मायाक्का म्हणाली. भावाचं नाव असं परक्या बाईपुढं, चिखलात, मेलेल्या मेंढीच्या उशाशी तिला घेववेना.

*

अंकुशनं मोटरसायकलवरून तिला बोरखडीला सोडलं. विलास रानातच होता. मोहरीचे बुडखे नांगरून टाकले होते आणि माती पेरणीसाठी सपाट केली होती. तिला पाहताच त्याचा चेहरा असा झाला की तिला विचारायची गरजच उरली नाही. तरी तिनं विचारलं.

"पाटी काढली व्हतीस?"

तो बांधावर बसला आणि म्हणाला, "भट्टीची गाडी दोन म्हैनं आली न्हाई, माया. मोहरी फुलावर आली. बी सांडलं आस्तं तर पुन्हा सगळा खेळ. पेरणी तोंडावर. तीन वर्सं ज्वारी माघारी येतीया. म्या म्हटलं, मेंढरं खात्याल, चालत्याल, तांबं त्यांच्याबरं रानाभायेर जाईल. माझ्या गाईनं दोन पेंड्या खाल्ल्या व्हत्या, तिला काय बी झालं न्हाई. देवाशप्पत मरत्याल आसं वाटलं न्हवतं."

"आन् म्या फोन केला तवा?"

विलास रडू लागला. पन्नाशी उलटलेला बाप्या ढेकळावर बसून रडतो, हे काही चांगलं दिसत नाही. "तवा कळलं व्हतं. भ्यालो. तुझं तूच औषधाचं बोललीस, म्या व्हय म्हटलं."

"चाळीस गेल्यात, दादा."

"माझं रान गेलं तर म्या कुठं जाऊ? नाव सांगू नगंस. तुझ्या पाया पडतो."

बांधाच्या कडेला मायाक्काच्या पायाशी तिच्याच मेंढरांच्या लेंड्या वाळून पडल्या होत्या. डॉक्टरीण म्हणाली होती, त्या रानातलं काही मिळालं तर आणा. तिनं मूठभर लेंड्या उचलून पदराच्या गाठीत बांधल्या आणि निघाली.

वाटेत तिचं मन हेलकावे खात होतं. केसानं गळा कापला म्हणावा तर तो आपलाच. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणावं तर त्याला तरी ते माहीत कुठं होतं? गाय जगली, मेंढी मेली. हे शाळा शिकलेल्या माणसाला माहीत नसतं, विलासला कुठून असणार? फोनवर तो खोटं बोलला. पण भ्यालेला माणूस खोटं बोलतोच. आपला बाप भ्याला असता तर तोही बोलला असता. तळावर पोहोचेपर्यंत तिनं ठरवलं होतं, रकाना कोरा ठेवायचा. मेंढरं पुन्हा होतील. भाऊ कुठून आणायचा?

*

रेहाना उरलेल्या मेंढरांना औषध पाजायला आली होती. मॉलिब्डेनमचा क्षार आणि गंधक पोटात गेलं की तांबं बांधलं जातं आणि लेंडीवाटे निघून जातं. सव्वाशेच्या वर मेंढरं वाचणार होती. मायाक्कानं पदर सोडून लेंड्या पुढं केल्या.

रेहानानं पारखी टेकवली आणि नवलानं वर पाहिलं. "त्या रानातच चरायची आणि त्या रानातच बसायची?"

"व्हय. बारा दिस."

"मग त्या माणसानं केलं काय? जे खाल्लं त्यातले शंभरातले नव्वद भाग मेंढरांनी लेंडीतून तिथंच परत टाकले. मोहरीनं मातीतून काढलं, मेंढरांनी मातीत घातलं. रानाबाहेर गेलं ते फक्त त्यांच्या यकृतात अडकलं तेवढंच, मावशी. पसाभरसुद्धा नाही."

मायाक्का कडवट हसली. मेंढरं रानात बसवायची ती लेंडीसाठी, हे शेंबडं पोरही सांगेल. विलासला रान साफही हवं होतं आणि वर खतही हवं होतं. तेल गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. तिला त्याची कीवच आली.

"रकाना कोराच ठिवा, बाई," ती म्हणाली. "कारण ठावं न्हाई म्हणून लिवा."

रेहाना काही बोलणार तेवढ्यात पलीकडं सुनेनं, काजलनं, ज्वारी दळायला काढली. काजलला सातवा महिना होता, पोतं उचलवेना. तिनं ते घोंगडीवर आडवं पाडून रिकामं केलं आणि दोन्ही कोपरे धरून झटकलं. तरी तळाशी दाणे अडकले, म्हणून तिनं आत हात घालून पोतं उलटं केलं.

म्हणजे ते सुलटं झालं.

पोत्यावर तळहाताएवढा तांबडा शिक्का होता. खाली अक्षरं होती. मायाक्का चौथी शिकलेली होती. तिनं बोट ठेवून वाचलं: माणसांच्या खाण्यास अयोग्य.

रेहानानं पुढं होऊन दाण्यांत पारखी खुपसली. तांबडा दिवा लागला.

"कॅडमियम," ती हळू म्हणाली. "हा बाजार समितीच्या पारखीचा शिक्का. पोतं कुठलं?"

"किती वर्सं खाल्लं तर काय हुतंय?" मायाक्कानं विचारलं.

"एका घासानं काही होत नाही. दोन-तीन वर्षांत बाहेरून काही दिसतही नाही. पण ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि वीस-तीस वर्षं निघत नाही. साठत राहिलं तर मूत्रपिंडं जातात, हाडं ठिसूळ होतात. आता हे खाऊ नका. सगळ्यांच्या तपासण्या करून घेऊ. हिची आधी."

काजल दोन्ही हात पोटावर ठेवून उभी होती. मायाक्का पोत्याकडं बघत होती. तीन वर्षं. तीन वर्षं पोतं उलटं शिवलेलं होतं आणि तीन वर्षं ती वहिनीची थट्टा करत आली होती. मेंढरांचं त्याला कळलं नाही, बरोबर. पण शिक्का तर त्याच्या डोळ्यांदेखत मारला होता. पारखीनं बाजारातून हाकललेली ज्वारी त्यानं टाकून दिली नाही. बहिणीला दिली. वर चोळीचा खण दिला.

"बाई," ती म्हणाली, "त्यो कागद माझ्याजवळ द्या."

*

पेरणीच्या सकाळी विलासच्या दारात तिफण पूजून ठेवली होती. चाड्याला हळदकुंकू लावलं होतं. मायाक्का येईल असं विलासला वाटलं नव्हतं. ती आलेली पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. ती हातात एक गठुडं घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली.

"वहिनी, चूल पेटती हाय न्हवं? ह्या पिठाच्या दोन भाकरी थापा. मूठ धरायच्या आदी दादा आन् म्या एका ताटात जेवणार हाय."

नलूवहिनीनं गठुडं सोडलं. पिठाच्या पुडीखाली घडी घातलेलं पोतं होतं, शिक्का वर.

"पोती म्या शिवली," ती पुटपुटली. "सांगितलं तशी शिवली. तुझ्या त्वांडाकडं बघायची हिंमत हुईना म्हणून दर साली आत पळायची."

"ठावं हाय. भाकरी थापा."

भाकरी झाल्या. टम्म फुगलेल्या, पांढऱ्याशुभ्र. वास नाही, चव वेगळी नाही. ताटात मिरचीचा ठेचा वाढला. विलास समोर येऊन बसला, पोतं पाहिलं आणि त्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

"तुझं रान हाय तसंच हाय, दादा," मायाक्का म्हणाली. "मेंढरांनी खाल्लं ते तिथंच हागली. डाक्टरणीनं लेंडी तपासली. माझी मेंढरं गेली आन् तुझं बी काय सुटलं न्हाई."

विलास ताटाच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

"मेंढरांचं म्या सोडलं व्हतं. तुला ठावं न्हवतं म्हणून सोडलं व्हतं. आता ह्ये." तिनं ताट त्याच्याकडं सरकवलं. पिशवीतून अर्ज काढून शेजारी ठेवला, त्यावर पेन ठेवलं. "गट नंबराचा रकाना कोरा हाय. ह्यातला एक घास खा. एकच. म्या कागद चुलीत घालते आन् उठून तुझ्या चाड्यावर मूठ धरते."

एका घासानं काही होत नाही. हे तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. विलासलाही माहीत होतं, कारण बाजार समितीत लावलेल्या पत्रकात ते पहिल्याच ओळीत छापलेलं होतं. त्यानं उजवा हात पुढं केला. बोटं भाकरीच्या कडेला लागली. भाकरी गरम होती, वाफ येत होती. नलूवहिनी चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती. बाहेर तिफणीचे बैल शेपट्या हलवत उभे होते.

हात तिथंच राहिला. त्यानं एकदा पोत्याकडं पाहिलं, एकदा भाकरीकडं. भाकरीची वाफ गेली, ती निवली, तिच्या कडा कडक झाल्या.

"म्या तीन वर्सं खाल्ली," मायाक्का म्हणाली. "काजल दोन जिवांची हाय, ती बी खातीया. तू एक घास घे."

विलासनं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला.

"चारशे सतरा," तो म्हणाला.

मायाक्कानं पेन उचललं. चौथी शिकलेलं तिचं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होतं, पण आकडे नीट आले. तिनं ते एकदा मोठ्यानं वाचले, खाली सही केली आणि अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला. दारातून जाताना चाड्याशी ती थांबली. त्यात तिच्यासाठी बियाणं काढून ठेवलेलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही.